सर्व्हिसिंगच्या आधीची धुलाई : गिअरची हायब्रिड, रत्नागिरी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

दसऱ्याला सायकलवरून ओला फडका फिरवून हळद-कुंकू लावून हार घातला होता तेवढंच, बाकी जूनपासून ही फक्त चालवली गेलीये. सायकल म्हणजे साधी हायब्रिड, ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे ३ मागे ८ गिअर, केबलवाले डिस्क ब्रेक. सर्व्हिसिंग दिवाळीच्या आधी उरकायचंय कारण दुकानवाले काका नरक चतुर्दशीला शटर ओढतात ते भाऊबीज झाल्यावरच उघडतात, आणि मग सुट्टीतल्या पोरांच्या सायकलींची रांग. १५ तारीख मिळालीये.

बाबांचं म्हणणं, "सर्व्हिसिंगलाच टाकायची ना गो, मग धुतेस कशाला, ते धुतीलच की." धुतील, प्रश्न तो नाहीये. चिखलाखाली काय चाललंय ते मला आधी बघायचंय. मेकॅनिकला नुसतं "जनरल सर्व्हिसिंग करा" म्हटलं की तो जनरलच करणार, त्याच्यापुढे अजून चार सायकली उभ्या असतात. पण "डाव्या बाजूला जोर दिला की कटकट येते, उजवीकडे येत नाही" असं सांगितलं तर तो थेट तिथे हात घालतो. आणि चिखलाने भरलेली सायकल दिली की त्याचा पहिला तास माती काढण्यात जातो, ती मजुरी शेवटी आपल्याच खिशातून.

आपल्याकडची माती तर विचारू नका. जांभ्याची तांबडी, बारीक, तेलाला चिकटली की पॉलिश पेपरचं काम करते, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शिवाय समुद्राचं खारं वारं. पुण्याच्या मित्राची अशीच सायकल आहे, त्याचे नटबोल्ट तीन वर्षांनी पण चकचकीत आणि माझ्या बाटलीच्या स्टँडच्या बोल्टवर पहिल्याच पावसाळ्यात तांबेरा.

आज मुद्दाम काहीच धुतलं नाही. आहे तशा घाणेरड्या अवस्थेत भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आले, फक्त आवाज ऐकायला. धुतल्यावर आणि तेल घातल्यावर अर्धे आवाज तात्पुरते गप्प बसतात आणि मग काकांसमोर सायकल अगदी शहाण्यासारखी वागते. सापडलं ते असं:

चढाला डावं पेडल खाली जाताना कट्ट. सीटवर बसून पण येतो आणि उभं राहून मारलं तरी येतो, म्हणजे सीट किंवा सीटच्या दांडीचा नाही, कारण उभं राहिल्यावर तिथे वजनच नसतं.

मागचा गिअर चौथ्यावरून पाचव्यावर जाताना आळस करतो, उलट दिशेला चटकन येतो. छोट्या दात्याकडे (म्हणजे मागच्या छोट्या चक्राकडे) जायचं काम डिरेलरची, म्हणजे चेन सरकवणाऱ्या भागाची, स्प्रिंग करते आणि मोठ्याकडे ओढायचं काम आपला अंगठा, म्हणजे स्प्रिंगच्या वाटेत काहीतरी अडतंय. केबलचाच संशय.

मागचा ब्रेक दाबला की लिव्हर पार हँडलला टेकायला येतो.

हे सगळं फोनमधे लिहून ठेवलं, घरी येईपर्यंत निम्मं विसरायला होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी सामान जमवलं. दिवाळीच्या साफसफाईमुळे घरात ब्रश आणि फाटके बनियन यांचा सुकाळ आहे, तीन जुने टूथब्रश आईच्या डब्यातून उचलले, एक बाटली धुवायचा लांब ब्रश, दोन बादल्या, दोन स्पंज. स्पंज दोन कारण चेनला लावलेला स्पंज ब्रेकच्या डिस्कला चुकूनसुद्धा लागता कामा नये, म्हणून एकाचा कोपरा कापून ठेवला, कापलेला तो चेनचा.

चेन धुवायला बाबांच्या काळी रॉकेल असायचं, आता घरात रॉकेल दिसतच नाही. मोटरसायकलच्या चेनचा स्प्रे मिळतो पण शेजारच्या काकांकडे पॉवर टिलरसाठी डिझेल असतंच, भातकापणीच्या गडबडीत होते तरी वाटीभर दिलं. पेट्रोल वापरू नका, भडका उडायची भीती आणि वाफ डोक्यात जाते.

मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, ही फक्त डिस्कसाठी. कोरोनातलं सॅनिटायझर उरलंय ते वापर म्हणून घरून सल्ला आला, पण त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, ते डिस्कवर राहिलं तर ब्रेक सरकणार. नको.

११ ऑक्टोबर, शनिवार

आजचा सगळा वेळ चेन आणि मागची बाजू. धुण्याच्या आधी हे काम, कारण इथून काळं पाणी उडणारच, ते धुतलेल्या फ्रेमवर उडण्यापेक्षा मळक्या फ्रेमवर उडलेलं बरं.

चेनला क्विक लिंक (चेन उघडायचा जोड) आहे, पक्कड आत जाईना म्हणून जुन्या केबलचा तुकडा लिंकच्या दोन्ही रोलरमधून तिरका ओवून पिळून ओढला, टक् करून सुटली. चेन डब्यात डिझेलमधे बुडवून झाकण लावून हलवली, पहिलं डिझेल मिनिटभरात काळं आणि तळाला लाल गाळ. ती लाल रेघ बघून बाबा पण जवळ येऊन बसले. मग दुसरं, मग तिसरं थोडंसं, तेव्हा कुठे रोलर बोटाने मोकळे फिरायला लागले.

एक गोष्ट कोकणातल्यांनी नक्की पाळा. आपल्याकडे अंगणातलं सगळं पाणी वळवून माडाच्या आळ्यात सोडायची सवय असते, डिझेलचं पाणी तिकडे जाऊ देऊ नका आणि विहिरीच्या आसपास तर अजिबातच नको. मी वापरलेलं डिझेल डब्यात तसंच झाकून ठेवलं, दोन दिवसांत माती खाली बसते, वरचं नितळ परत वापरता येतं. गाळ जुन्या रंगाच्या डब्यात, तो डबा गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलच्या पिंपाकडे.

सुकल्यावर चेन मोजली. यासाठी काही खास हत्यार लागत नाही, इंचाची स्टीलची पट्टी पुरते. सायकलच्या चेनमधे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच असतो, मग ती पोराची सायकल असो नाहीतर लाखाची. म्हणजे शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवलं की चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर यायला पाहिजे. ती १/१६ इंच पुढे गेली की चेन अर्धा टक्का झिजली, बदलायचा विचार करायचा. १/८ पुढे गेली तर एक टक्का, आणि मग बहुतेक वेळा कॅसेटचे, म्हणजे मागच्या चक्रांच्या जुडग्याचे, दातेही त्या वाढलेल्या मापाला झिजून बसलेले असतात, नवी चेन घातली तर जोर दिल्यावर उड्या मारते. लोक चेन ताणली म्हणतात, पण पत्रा काही ताणला जात नाही, प्रत्येक जोडातली पिन आणि तिच्याभोवतीची जागा केसभर झिजते आणि ते शंभराच्या वर केस एकत्र दिसतात. माझी पिन १/८ च्या जेमतेम अलीकडे. म्हणजे गेली. तीन वर्षं आणि त्यातले सगळे पावसाळे इथले, तक्रार नाही.

बाबा म्हणाले मग एवढी धुतलीस कशाला, टाकायचीच होती तर. मातीसकट मोजली असती तर माप खरं आलं असतं का!

कॅसेट चाकावरच ठेवला, बनियनच्या पट्ट्या डिझेलमधे भिजवून दोन दात्यांच्या मधल्या फटीत घालून दोन्ही हातांनी पुढेमागे ओढायच्या, पाठ चोळल्यासारखं. चाक आडवं धरायचं पण कॅसेटची बाजू खाली, नाहीतर डिझेल हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत उतरतं आणि तिथलं ग्रीस धुऊन काढतं. हे करताना सगळ्यात मोठ्या दात्याच्या मागे, स्पोक आणि कॅसेटच्या मधे काहीतरी केशरी दिसलं. चिमट्याने ओढलं तर दसऱ्याच्या माळेचा दोरा! आईने मागच्या चाकाला पण छोटी माळ घातली होती, ती तशीच घेऊन आम्ही सोनं वाटायला गेलो, आणि दोरा हबभोवती पाच-सहा वेढे घेऊन करकचून बसलेला, तेल पिऊन काळा झालेला, टोकाला झेंडूच्या दोन पाकळ्या शिल्लक. ब्लेडने कापून काढावा लागला. आईला दाखवला, ती म्हणाली पुढच्या वर्षी हँडललाच घालू.

डिरेलरच्या दोन्ही जॉकींवर, म्हणजे त्यातल्या छोट्या दातेरी चाकांवर, काळ्या मेणाचा थर होता, तो पाण्याने जात नाही, स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून जॉकी बोटाने फिरवली की सालीसारखा निघतो. खालच्या जॉकीचे दाते टोकदार झालेत, लिहून ठेवलं. मागून डोळा लावून बघितलं, डिरेलरचा पिंजरा दात्यांच्या रेषेत सरळ आहे, म्हणजे हँगर (डिरेलर जिथे फ्रेमला जोडलेला असतो तो तुकडा) वाकलेला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज पाणी. सकाळी सातला सुरू केलं कारण ऑक्टोबरचं ऊन दहानंतर उभं राहू देत नाही आणि साबण अंगावरच वाळतो.

प्रेशर पंपाबद्दल एकदाचं बोलून टाकते. मोटरसायकल धुवायच्या ठिकाणी सायकल नेऊन पाच मिनिटांत लख्ख करून आणणारे खूप जण ओळखीत आहेत, दिसायला झकास. पण हब, बीबी (पेडलच्या दांड्या जिथे फिरतात ती छर्र्यांची जागा) आणि हेडसेट (हँडल जिथे वळतं ती बेअरिंगची जागा) इथली रबराची सीलं वरून पडणाऱ्या पावसासाठी असतात, हातभर अंतरावरून मारलेल्या धारेसाठी नाही. ती धार पाणी आत ढकलते आणि ग्रीस बाहेर, आणि दोन महिन्यांनी छर्रे वाजायला लागले की लोक सायकलच्या कंपनीला शिव्या देतात. नळाची साधी पाइप, बोट न लावता, आणि बादली-मग एवढं पुरेसं आहे.

आधी नुसतं पाणी ओतून माती मऊ होऊ दिली. कोरडी माती पुसायला गेलं की रंगावर ओरखडे येतात. मग गाडीच्या शाम्पूचं पाणी, वरून खाली, हँडल, फ्रेम, शेवटी चाकं. टायर घासायला नारळाचं सोडण, यासारखा ब्रश बाजारात नाही, पण फक्त टायरला हां, फ्रेमला लावू नका. आई म्हणाली भांड्यांचं लिक्विड घाल, थेंबभर चेनरिंगला, म्हणजे पुढच्या दातेरी चक्रांना, घातलं, फ्रेमला शाम्पूच.

समुद्राच्या बाजूला जे चालवतात त्यांनी खालच्या जागा बघाव्यात, फ्रेमच्या पोटाशी बीबीच्या खाली, पुढच्या फोर्कच्या आतल्या बाजूला, कॅरिअरच्या बोल्टमागे. मीठ तिथे बसतं आणि हवेतला दमटपणा ओढून घेऊन सुकल्यावरही ओलंच राहतं. बीबीच्या खाली फ्रेमचा नंबर कोरलेला असतो तो माती काढल्यावर पहिल्यांदा नीट दिसला, फोटो काढून ठेवला. सायकल चोरीला गेली तर पोलीस हाच विचारतात आणि तेव्हा आपल्याकडे बिल पण नसतं.

आता सीटची दांडी. किती वर आहे तिथे चिकटपट्टीची खूण केली आणि क्लॅम्प सैल करून वर ओढली, हलेना. दांडी ॲल्युमिनियम, फ्रेम ॲल्युमिनियम, मधे ग्रीस नावालाही नाही, खारं पाणी आत जाऊन पांढरी पावडर धरलेली. दोन चमचे ऑइल कडेने सोडून चहा घेऊन आले, मग सीट धरून डावीउजवीकडे पिळत पिळत निघाली, बाहेर येताना खडूवर नख ओढल्यासारखी ओरडत. दांडी बाजूला ठेवून सायकल उलटी केली, कारण केबलवाले ब्रेक आहेत, ऑइलवाले असते तर उलटी ठेवल्यावर पाइपात हवा शिरू शकते. उलटी केल्याबरोबर सीटच्या नळीतून भळकन पाणी. कोऱ्या चहाच्या रंगाचं, जवळजवळ अर्धा ग्लास, त्यात मेलेल्या वाळवीचा एक पंख. कधीपासून आत होतं काय माहीत. हे पाणी नळीतून थेट खाली बीबीवर उतरून बसतं, म्हणजे वरून कितीही फडके मारा, छर्रे आतून बुडालेले.

दुपारभर सायकल तशीच उलटी, दांडी काढलेली, पडवीत. उन्हात नाही, सावलीत वाऱ्याला.

डिस्क शेवटी, कोऱ्या फडक्यावर अल्कोहोल घेऊन. त्यावर बारीक अक्षरात कमीत कमी जाडी छापलेली असते, माझ्यावर १.५ मिमी आहे, मोजायला व्हर्निअर नाही म्हणून ते काकांवर सोडलं. मागचे पॅड काढून बघितले, आतला पॅड पत्र्याला टेकायच्या बेतात, मसाला पोस्टकार्डाएवढा उरलाय. अर्धा मिलिमीटर राहिला की बदलायचा असतो. लिव्हर हँडलला का टेकत होता ते इथे कळलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसवरून आल्यावर स्वच्छ सायकलची तपासणी. माझ्या मते हीच खरी मजा, धुणं ही तयारी.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली, एक बोट हेडसेटच्या फटीवर. खालच्या बाजूला किंचित ठक. हँडल हळू वळवलं तर मधोमध आल्यावर थोडं अडकल्यासारखं. खालची बेअरिंग.

क्रँक (पेडलची दांडी) धरून आतबाहेर ढकलली, खेळ नाही. चाकं रिमला धरून बाजूला हलवली, पुढचं ठीक, मागचं ठीक. स्पोक दोन दोन करून चिमटीत दाबले, मागच्या चाकात डाव्या बाजूचा एक सैल, त्यामुळेच चाकाला थोडा आऊट आहे, म्हणजे ते फिरताना डगमगतं. आऊट मी काढत नाही, स्पोकचा पाना आहे घरात पण ते काम हाताला बसलेलं नाही आणि एक स्पोक नीट करायला जाऊन दोन बिघडतात.

फ्रेमचे सगळे वेल्डिंगचे जोड टॉर्चने बघितले. हेडच्या खाली एक बारीक काळी रेघ दिसली, छाती धस्स. नख फिरवलं, अडकलं नाही, अल्कोहोलचा फडका फिरवला तर पुसली गेली. केबल घासल्याची होती. तडा असता तर पुसल्यावर जास्त उठून दिसला असता, फडक्याचे धागे त्यात अडकले असते.

मागच्या टायरमधे चिऱ्याची एक कपची रुतलेली, टोचणीने काढली, ट्यूबपर्यंत पोचली नव्हती.

गिअरची केबल बघायची एक सोपी युक्ती आहे. पेडल फिरवत सगळ्यात मोठ्या दात्यावर आणायचं, थांबायचं, आणि पेडल न फिरवता शिफ्टर सगळा खाली सोडायचा. केबल सैल पडते आणि बाहेरची नळी फ्रेमच्या खाचेतून हाताने निघते. मागच्या शेवटच्या वळणावरची नळी सरकवली तर आतली तार तपकिरी, बोटाला खरखरीत. पाचव्या गिअरचा आळस इथे होता. आतली बाहेरची दोन्ही बदलायची.

चेन या युक्तीच्या आधीच परत घातली होती, बदलायची असली तरी दुकानापर्यंत जायचंय. प्रत्येक रोलरला एक थेंब आणि वरचं पुसून कोरडं. या हवेत डिझेलने धुतलेली चेन तेलाशिवाय फार दिवस ठेवली तर तांबडी. तेल म्हणजे तेल, डब्ल्यूडी-४० नाही. त्या नावातला डब्ल्यूडी म्हणजेच पाणी हटवणारं, १९५३ सालचं ते मूळ मिश्रण, ओल काढायला उत्तम पण चेनवर टिकत नाही. सीटच्या दांडीला ग्रीस चोपडून खुणेपर्यंत आत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

घंटी, लाइट, बाटली, टूलची पिशवी सगळं घरी काढून ठेवलं. काकांना कागद दिला. त्यांनी आधी सायकलकडे बघितलं मग कागदाकडे.

"ताई, एवढी पुसून आणलीत तर माझ्यासाठी काय ठेवलंत?"

"आत सगळं तुमच्यासाठीच आहे काका."

कटकटीचं वाचून त्यांनी बीबीला हातच लावला नाही, डाव्या पेडलला पाना लावला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं, हे माहीत नसलेल्या किती जणांनी क्रँकचे आटे घालवलेत ते त्यांनी काम करता करता ऐकवलं. पेडल निघालं, आटे खडखडीत कोरडे, पांढरे. ग्रीस लावून परत घट्ट केलं आणि म्हणाले आता चढावरून फिरवून आणा. आवाज गेला! उभं राहून मारलं, बसून मारलं, नाही.

हेडसेटचं त्यांना पटलं नाही, म्हणाले थोडं टाइट करून होईल. मी म्हटलं हँडल मधे अडकतंय, एकदा उघडून बघाच. बरं म्हणाले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज धनत्रयोदशी, दुकानात धन्याला बोलायला फुरसत नाही इतकी गर्दी, तरी सायकल तयार होती. चेन, कॅसेट, दोन्ही जॉकी, मागचे पॅड, मागच्या गिअरची केबल नळीसकट. मागचा आऊट काढलाय. डिस्क १.६ मिमी भरली, अजून चालेल. जुने पार्ट मी आधीच मागून ठेवले होते, पिशवीत बांधून मिळाले.

त्यात हेडसेटची खालची बेअरिंग पण होती. उघडल्यावर आत ग्रीसऐवजी लाल चिखल. वरची अजून चांगली आहे म्हणून तीच ठेवली. खालचीच का गेली हे काकांनी दाखवलं, पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी फोर्कच्या वरच्या टोकाला थेट तिथेच आदळतं, आणि माझा पुढचा मडगार्ड इतका आखूड आहे की तो दिखाव्यालाच. त्यांनी ट्यूबचा एक रुंद तुकडा कापून मडगार्डच्या दोन्ही टोकांना फ्लॅप म्हणून रिव्हेट मारून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

बिलात धुण्याची ओळ नाहीये, मजुरी फक्त कामाची लागली. नवी केबल पहिले काही दिवस थोडी बसते, गिअर परत आळस करायला लागले तर डिरेलरजवळची गोल चकती अर्धा फेरा घड्याळाच्या उलट्या दिशेला फिरवायची, तरी नाही जमलं तर भाऊबीजेनंतर घेऊन या म्हणाले.

पाडव्याला सकाळी आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याला जायचं ठरलंय. खाली वाळूत कोणी सायकल उतरवायची नाही असं मी ग्रुपवर टाकलंय, अजून एकाचाही अंगठा आलेला नाही.